आमच्या घरचं पाणी

९ सप्टेंबर

आज सगळं बदललं. प्रणाली आमच्या घरामागच्या नाल्यात उतरली! माझ्या वर्गातली, धरमपेठच्या श्रीमंत वस्तीतली पोरगी, घोटाभर चिखलात, हातात नकाशा. सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं, तेव्हापासून ती दिसली नव्हती. भूगोलाचा प्रकल्प आहे म्हणे — कोणत्या गल्लीचं पाणी या नाल्याला मिळतं ते शोधायचं. त्या सगळ्या गल्ल्या मिळून नाल्याचं पाणलोट क्षेत्र.

मी म्हटलं, "या नाल्याचं मलेच विचार. पहिलं घर आमचंच."

"तुझ्याच घरचं येत नाही," म्हणाली. "ते पलीकडच्या नाल्याला जातं."

डोकं सटकलं! नाला आमच्या मागच्या भिंतीला लागून वाहतो!

१० सप्टेंबर

झोप नाही. रागानं. रागानंच.

११ सप्टेंबर

पैज लागली. आमचं पाणी नाल्यात आलं, तर ती माझ्यासोबत तर्री-पोहे खाणार. नाही आलं, तर मी कॉलेजात परत. "सरांची माफी मागून," हे तिनं हळूच जोडलं. म्हटलं, मंजूर. हरतो कोण!

१३ सप्टेंबर

बाबांचा माग बंद झाला, पण सूत रंगवायचा लाल रंग डब्यात पडून होता. अख्खा डबा अंगणात ओतला, वरून पाणी सोडलं. प्रणाली नाल्याशी उभी.

नाला मळका तो मळकाच. रंग निघाला उलटीकडे — रस्ता ओलांडून थेट समोरच्या इंदुताईंच्या दारात! त्या ओरडल्या,

"काहून गा अंकुर, होळी खेळून राहिला काय?"

नाल्याच्या काठावर मलबा टाकून टाकून लोकांनी जमीनच उंच केली. उतार फिरला, मले पत्ता नाही! बाबा फरशीकडे पाहून म्हणाले, "कोष्ट्याचा रंग हाय, पक्का. घासत बस आता." प्रणालीला तर हसून हसून ठसका लागला.

१४ सप्टेंबर

दिवसभर फरशी घासली. अजून गुलाबीच. आणि माफी? त्या सरांची? शक्यच नाही.

१५ सप्टेंबर

प्रणालीचा फोन. तिनं गल्लीचा उतार आधीच मोजला होता!

"मंग पैज काहून लावली वं?"

"तू हरावास म्हणून. वर्गात माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. मला ते आवडत नाही."

सरांपुढे काय बोलायचं ते रस्त्यात ठरवीन. शर्ट इस्त्रीचा आहे. निघालो. दार ओढून घेतो.