दोर त्यांचा, बादली आमची

गुरुजी,

काल टीव्हीवर क्षेपणास्त्रं वाटेतच पाडणाऱ्या ढालीवरून वाद चालला होता. एक जण म्हणत होता, अशी ढाल असली की देश निर्धास्त. दुसरा म्हणाला, आपण ढाल उभारली की समोरचा आणखी अणुबॉम्ब करणार. मला दोघंही काहीतरी लपवताहेत असं वाटलं. हल्ली मला सगळ्यांबद्दल तसंच वाटतं. मग तुमचा वर्ग आठवला.

आपला जिल्हा तेव्हा नवा झाला होता. शाळेच्या पाटीवर लातूर लिहिलं होतं, पण रंगाखालून उस्मानाबाद अजून दिसायचं. त्यातच दुष्काळ. औशाच्या बसने आलेलं शिळं वर्तमानपत्र तुम्ही वर्गात वाचायचात. अमेरिका आकाशात ढाल उभारणार असं त्यात आलं आणि तुम्ही आमच्यात वाद लावलात. माझा चुलतभाऊ ढालीच्या बाजूने, मी विरोधात. मी म्हणालो, दोघांकडे बॉम्ब आहेत म्हणूनच दोघं गप आहेत. एकाला ढाल मिळाली की त्याला दुसऱ्याचं भय उरत नाही. चुलतभाऊ बाकावरूनच म्हणाला, "आन् समोरचा येडा निघाला तर? भ्यायला बी अक्कल लागती." वर्ग हसला. त्याला काय उत्तर द्यावं हे मला आजही कळलेलं नाही.

तुम्ही कोणालाच जिंकवलं नाहीत. खिडकीतून माझ्या आणि चुलतभावाच्या घरांच्या सामाईक विहिरीकडे बोट केलंत. जुन्या भांडणानंतर आजोबांनी ठरवून दिलं होतं, दोर त्यांचा आणि बादली आमची. दोन्ही विहिरीवरच राहतील, म्हणजे एकट्याला पाणी काढता येणार नाही. तुम्ही म्हणालात, "ढाल वाईट न्हाई रे. पण ती उभी राहायला दिवस लागत्यात. तेवढ्या दिवसांत समोरचा काय करंल, ते सांगा." तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही पळालो.

यंदा विहीर पुन्हा तळाला गेली आहे. मोटार पाणी उचलत नाही, म्हणून दोर-बादलीवर आलोत. मी बोअर घ्यायचं ठरवलं. कोणाच्या वाईटावर नाही, फक्त आपल्या घरापुरतं. ढाल उभारणारेही असंच सांगत असतील. बोअर खोल गेला तर विहिरीचा झरा आटेल, हे मला ठाऊक आहे आणि चुलतभावालाही. पाणी शोधणारा पाणाड्या तळहातावर आडवा नारळ घेऊन माझ्या रानात फिरला, ते अख्ख्या गावानं पाहिलं; खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणतात. दुसऱ्या दिवशी विहिरीवर दोर सोडता सोडता चुलतभाऊ म्हणाला, "दादा, नारळ कुठं उभा राहिला म्हणं?"

"नुसतं बघायलोय."

"बघा की. तुमाला पाणी लागलं की आमच्या दोराला म्हशी बांधतो."

तो हसला. त्या हसण्यात काय होतं, हे मी दिवसभर शोधत बसलो. सकाळी पूजेला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतो तेव्हा नजर तिथंच ठरावी, असं वडिलांनी शिकवलं होतं. आता ती खिडकीतून त्यांच्या अंगणात जाते. तिकडे कोण आलं, कोणाशी बोललं, हे बघत माझा मंत्र संपतो. तोही तिकडून असाच बघत असेल.

आज सकाळी रहाटावर दोर नव्हता. दोन्ही घरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन समोरासमोर उभ्या राहिल्या आणि तशाच परतल्या. घरी आल्यावर बायको म्हणाली, "बघा, सुरुवात त्यांनी केली." मी मान डोलावली. उद्या बोअरची गाडी येणार आहे.

गुरुजी, तुम्ही जाऊनही आता वर्षं झाली; हा कागद मी देवघरातल्या फळीवर ठेवीन, दुसरं कुठं पाठवणार? तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आता मला येतं. बादली मी कालच संध्याकाळी घरी आणली होती, घासायला म्हणून. ती अजून घासलेली नाही.