आळशी आर्गॉनचा पराक्रम

दि. ६ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

पत्रास कारण, तुझी भाची संकटात आहे. विज्ञानाच्या बाईंनी प्रत्येक जोडीला एकेक मूलद्रव्य वाटून दिलं. कुणाला सोनं, कुणाला गंधक. मला आणि लंबीला मिळाला आर्गॉन! ना रंग, ना वास, कुणात मिसळणं नाही. नावाचाच अर्थ म्हणे आळशी. वर्गात हशा पिकला. घरी बाबा म्हणाले, जोडा बरा जमला.

येत्या शनिवारी मूलद्रव्य सभागृहात सर्वांना दाखवायचं आहे, पाहुणे नंबर काढणार आहेत. न जमलं तर नुसता तक्ता, तोही जिन्याखाली. तुझ्या ओळखीच्या वर्कशॉपवाल्या काकांनी छोटं सिलिंडर आणलं, स्वतः जवळ उभे राहिले. हायड्रोजन गोळा करताना धरतात तशी आम्ही काचेची पेटी उपडी धरली, वायू भरला आणि पेटती मेणबत्ती आत नेली. ती विझावी, तर ऐटीत जळत राहिली!

वेल्डिंगला तू रोज हाच वायू वापरतेस ना? काहीतरी सुचव. बाबांना मी विचारलं नाही. तुझ्या कामाचा विषय निघाला की ते अजून पेपर तोंडापुढे धरतात.

लोभ असू दे, आत्ता तर जास्तच हवा आहे.
तुझी,
चिमणी

दि. ८ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि हसू आवरेना. आर्गॉन दाखवायचा कसा, यात मीही ढच आहे. मी तो कधी पाहिलेलाच नाही! पण त्याला आळशी म्हणशील तर कान उपटीन. वितळलेल्या सांध्याभोवती तो उभा राहतो, हवेला फिरकू देत नाही, म्हणून सांधा पक्का बसतो. नुसतं उभं राहणं हेही काम असतं, बरं.

एक मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. खिडक्या उघड्या ठेवा, पेटीत डोकं घालू नका. आमच्याकडे पंखा लावल्याशिवाय खड्ड्यात कुणी उतरत नाही. हा वायू तळाशी साचतो आणि माणूस गुदमरतो. तुमचे उद्योग वाचून माझा जीव टांगणीला लागलाय.

दादाला नमस्कार सांगायचा की नाही, ते तूच ठरव. लोभ आहेच, जपून वागलीस तर वाढेल.
तुझी,
आत्या

दि. १२ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

जिंकलो! ‘तळाशी साचतो’ हे वाचलं आणि कपाळावर हात मारला. हवेहून जड वायू, आणि आम्ही पेटी उपडी धरून त्याला वाट करून देत होतो! शनिवारी पेटी सुलटी ठेवली, काकांनी नळीने तळाशी वायू सोडला. पेटी रिकामीच दिसत होती. सोन्याची जोडी फिदीफिदी हसली. मग लंबीने साबणाचे फुगे सोडले. ते खाली आले आणि पेटीत मधल्यामध्ये थांबले, पाण्यावर तरंगावेत तसे! मेणबत्ती खाली नेली, ती चटकन विझली. टाळ्या थांबेनात. पहिला नंबर आमचा!

पाहुण्यांनी विचारलं, या वायूचा उपयोग काय? मी तोंड उघडणार, तोच मागच्या रांगेत बाबा उठले. खणखणीत आवाजात म्हणाले, माझी धाकटी बहीण वेल्डर आहे, ती याच्याच आधाराने पोलाद सांधते. आत्या, मला रडूच आलं.

पत्राखाली बाबांनी जागा मागितली आहे, म्हणून आवरते. लोभ वाढला ना?
तुझी विजयी,
चिमणी

चि. छबूस आशीर्वाद. पोरीने सगळं लिहिलंच आहे, माझ्यासाठी काही ठेवलं नाही. पुढच्या शनिवारी तुझं काम बघायला आम्ही दोघं येतोय. माझ्यासाठी एक काळा चष्मा काढून ठेव.
दादा