बेलिफाच्या घरचं भाडं

आबा, तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली आणि आज सकाळपासून मी तुमच्यावर नुसती चरफडतेय. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण तुम्ही होतात तेव्हा तरी रागवायची सोय कुठं होती? तुम्ही 'व्हय, व्हय' म्हणायचात, मान हलवायचात आणि तुम्हाला करायचं तेच करून यायचात. आज भाड्याच्या पावतीवरून माझ्याकडं एक प्रकार घडला, तो शेवटी सांगते. आधी जुना राग काढू द्या.

सांगलीच्या कोर्टात तुम्ही बेलीफ. पलटणीतून नाईक म्हणून सुटून आलात आणि खाकी पिशवीत समन्सं घालून सायकलवरून गावभर फिरलात. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तुम्ही ती रोज चढायचात. घर खाली करायच्या दाव्याचं समन्स बजावायला गेलात की भाडेकरू रडकुंडीला यायचा आणि तुम्ही त्याच्याच ओट्यावर बसून त्याला शहाणं करायचात. एकदा तुमचा विसरलेला डबा द्यायला आले होते, तेव्हा मी स्वतः ऐकलंय. "घाबरू नका. मालकाच्या मनात आलं म्हणून भाडं वाढत न्हाई. कोर्टात अर्ज टाका, वाजवी भाडं ठरवून घ्या. जुनं भाडं घेत नसला तर मनीऑर्डर करा, नाकारली तर कूपन जपून ठेवा. आन् पावतीबिगर पैसा कुणाच्या हातावर ठेवायचा न्हाई, काय?" तो माणूस तुमच्या पाया पडायचाच काय तो राहिला होता. मला केवढा अभिमान वाटला होता तुमचा.

आणि घरी? घरी लोका सांगे ब्रह्मज्ञान! आपल्या दोन खोल्यांचे मालक म्हणजे तुमच्याच पलटणीतले सुभेदार, शिवाय उंब्रजकडचे, म्हणजे गाववालेच. दर एक तारखेला तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून खाली त्यांच्याकडं जायचात, ताठ उभं राहून अठरा रुपये द्यायचात, मग ते म्हणायचे, "बस रं नाईक, च्या घे." बशीतला तो चहा पिऊन तुम्ही वर यायचात तेव्हा तुमचा चेहरा कसा उजळलेला असायचा. पावती? एवढ्या वर्षांत एकही नाही. आई चुलीपुढून ओरडायची, "आवं, लढाई संपली की! पावती मागा." तुमचं उत्तर ठरलेलं. "आगं, सुभेदारसायबास्नी पावती मागायची म्हंजे त्यास्नी चोर म्हणायचं."

दुष्काळ सरून वर्षभर झालं असेल. मी मॅट्रिकला होते. सुभेदारांनी एकदम अठराचे तीस सांगितले. मोरी तुंबलेली, खिडकीची फळी निसटलेली, त्यातलं काही दुरुस्त करायचं नाव नाही, नुसतं भाडं वाढलं. तुम्ही आईला म्हणालात, "मी बोलतो त्यांच्याशी." आई तुम्हाला ओळखून होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण तुम्ही जेवताना लोकांच्या दाव्यांच्या ज्या गोष्टी सांगायचात त्यांतून तिचा कायदा पाठ झालेला. "भीड भिकेची बहीण," ती म्हणाली आणि मला हाताला धरून पोस्टात घेऊन गेली. पगारातले अठरा तिनं आधीच काढून ठेवलेले. मी तुमच्या नावानं फॉर्म भरला, खाली महिना लिहिला, 'घरभाडे' लिहिलं. आठ दिवसांत मनीऑर्डर 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत. आई कूपन पिठाच्या डब्याखाली ठेवायची आणि पुढच्या महिन्यात तेच पैसे पुन्हा. पोस्टमन हसायचा. आई नाही हसायची.

तुम्हाला हे ठाऊक होतं, आबा. सुभेदारांनीच तुम्हाला सांगितलं होतं आणि तुम्ही त्यांना काय म्हणालात? "बायकांचं मनावर घेऊ नका, साहेब." वर दर महिन्याला आपल्या पेन्शनीतून तीस रुपये गुपचूप त्यांच्या हातावर ठेवत राहिलात! आम्हाला सांगायचं, पेन्शन उशिरा होतीय. पुढं वकिलाची नोटीस आली तीही खिशात घातलीत, कारण सुभेदार म्हणाले, "कागद हाय नुसता, वकिलाचं काय मनावर घेतोस!" कमाल होती बाई तुमची. जन्मभर लोकांच्या दारावर असले कागद डकवलेत आणि तुमच्याच खिशातला तुम्हाला वाचता आला नाही? त्यांना त्या खोल्या रिकाम्या करून हव्या होत्या, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. भाडं थकवलं म्हणून दावा लागला आणि तुमच्याच कचेरीतले दुसरे बेलीफ समन्स घेऊन दारात उभे. ते बिचारे मान वर करेनात. तुम्ही त्यांना म्हणालात, "सही कुठं करू?"

सुनावणीच्या दिवशी मी आणि आई मागच्या बाकावर. दोन खोल्या गेल्या तर जायचं कुठं, माझी परीक्षा कुठून द्यायची, एवढंच माझ्या डोक्यात. सुभेदारांनी शपथेवर सांगितलं, भाड्याचा एक पैसा मिळाला नाही, मनीऑर्डरसुद्धा कधी आली नाही. मग तुम्ही उभे राहिलात, छाती पुढं काढून. त्यांचा वकील म्हणाला, "हातात दिले म्हणता, पावती कुठाय? तुम्ही तर बेलीफ!" तुम्ही त्या वकिलाकडं नाही, सुभेदारांकडं बघत म्हणालात, "त्यांच्याकडं पावती कशी मागायची, साहेब?" सगळं कोर्ट हसलं. रोज तुमच्याबरोबर डबा खाणारे कारकून हसले. मला इतका राग आला, आणि इतकं रडू आलं की विचारू नका. आपल्या वकिलानं आईची कूपनं पुढं ठेवली. पीठ लागलेली, ओळीनं सगळ्या महिन्यांची. भाडेकरू भाडं द्यायला तयार होता, मालकानंच घेतलं नाही, असं ठरलं. खोल्या वाचल्या, भाडं अठराच राहिलं. तुमचे ते तीस तीस मात्र गेले ते गेलेच.

आता तरी मनीऑर्डर करत राहा, असं आई विनवत होती. छे! एक तारखेला पुन्हा इस्त्रीचा शर्ट, पुन्हा खाली. मी अभ्यासाची वही पुढं घेऊन बसलेय, कान जिन्याकडं. तुम्ही वर येता, खिशातून चिठोरा काढून आईपुढं धरता. "दिली पावती. तारीख घालून, सही करून." आई हरखते. "बघा! मागितली की मिळती का न्हाई?" तुम्ही चुलीशेजारी पाट ओढून बसता. इस्त्रीच्या शर्टाची बटणं सोडता. मग म्हणता, "च्या न्हाई दिला." आईनं कपाळावर हात मारला. "दोन खोल्या वाचल्या, आन् ह्यास्नी च्याचं पडलंय!" तिनं रागारागानं केलेला चहा तुम्ही तसाच निवू दिलात. त्या थंड चहाचा राग मी आजवर धरून आहे, आबा. ज्यानं तुम्हाला भर कोर्टात खोटं पाडलं त्याच्या एका बशीसाठी तुम्ही झुरलात आणि आईनं वाचवलेलं घर तुम्हाला दिसलं नाही.

आता माझ्याकडचं. साताऱ्यात मी घर बांधलंय. वरच्या दोन खोल्या एका फलटणच्या मुलीला दिल्यात, इथल्या दवाखान्यात नोकरी करते. गुणी आहे, सणाला मला मदत करते, मला काकू म्हणते. या महिन्यापासून मी भाडं वाढवून सांगितलं. ती सकाळी पैसे घेऊन आली, मी आधण ठेवलं, दोन कप मांडले. ती म्हणाली, "काकू, करारात वाढ एवढी नाहीय. आपण एकदा बघू या का? आणि पावती द्याल ना?" किती सरळ बोलली! आणि माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. मी काय हिचे पैसे बुडवणार होते? करार काढला. तिचंच बरोबर होतं. करारातलं होतं तेवढंच घेतलं, पावती लिहिली, तारीख घातली, सही केली.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि पोचलं असतं तरी तुम्ही 'व्हय, व्हय' म्हणाला असता. म्हणून खरं तेवढं लिहून ठेवते. तिनं पावतीची घडी घालून पर्समध्ये ठेवेपर्यंत मी एक कप उचलून फळीवर ठेवला होता. तिनं ते पाहिलं. चहा मी एकटीच प्याले.