नाओयाचा उजवा हात

प्रिय शैलामावशी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. परीक्षित बरा आहे, मी बरी आहे, आणि रेडमंडचा पाऊस परत सुरू झालाय, नेहमीसारखाच, धड पडत नाही आणि धड थांबतही नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुझ्याबद्दल दोन चांगले शब्द बोलायला गेलं की तू लगेच 'तिकडे कोथिंबीर ताजी मिळते का गं' असं विचारून विषय बदलतेस. पत्रात तुला ते जमणार नाही. तेव्हा चहा करून घे आणि निवांत वाच.

नाओयाबद्दल मी तुला अधूनमधून सांगितलंय, पण पहिल्यापासून असं कधी सांगितलंच नाही. इथे अमेरिकेत आल्यावर कितीतरी वर्षं माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, ते तुला माहीत आहे. परीक्षित ऑफिसला गेला की मी जपानी बातम्या लावून त्यांच्यामागून मोठ्यानं म्हणायचे, तू शिकवलेल्या जपानीची सवय जाऊ नये म्हणून. शेजारच्या दीपानं एकदा परीक्षितला हळूच विचारलं होतं, 'ऋता दिवसभर भांडते कुणाशी?' वर्क परमिट हातात आलं आणि त्याच सुमारास इथून तासाभरावरच्या एका गावातल्या बेसबॉल टीमला जपानी दुभाषी हवाय असं कळलं. मी बेसबॉलचा एक सामना धड पाहिला नव्हता. इंटरव्ह्यूला गेले तर मॅनेजरची नजर माझ्यावरून मागच्या दाराकडे गेली, जपानी बाई मागून येतेय असं वाटून. मी म्हटलं, मीच ती.

नाओया मिझुसावा तेव्हा वीस वर्षांचा होता. तोत्तोरीचा, नाशपातीच्या बागांच्या गावचा. आई ओसाकाला नोकरी करायची, वाढवलं आजीनं. शाळेत असताना त्याच्या चेंडूच्या वेगाची खूप चर्चा झाली, पण जपानमधल्या व्यावसायिक टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा कुणीच त्याचं नाव घेतलं नाही. तो एका लहानशा लीगमध्ये खेळत राहिला आणि तिथे इथल्या टीमच्या माणसानं त्याला पाहिलं. इथे मोठ्या लीगच्या खाली पायऱ्या असतात, एकेक पायरी चढत वर जायचं. तो अगदी खालच्या पायरीवर आला होता. तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. आपल्या क्रिकेटात त्याच्या पहिल्याच चेंडूला पंचांनी हात आडवा केला असता, इतका कोपर वाकवून झटका देतात हे लोक. सगळा जोर त्या एका कोपरावर येतो.

पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, 'प्रवास सुखाचा झाला ना? आपली काळजी घेण्याचं काम आता माझ्याकडे आहे.' तुझ्या क्लासला घोकलेली वाक्यं, तुझ्या जपानी शिक्षिका सातोबाईंनी पन्नास वर्षांपूर्वी तुला शिकवलेली, तशीच्या तशी. तो आधी टकमक बघत राहिला आणि मग हसायलाच लागला. मग हसल्याबद्दल कमरेत वाकून माफी मागितली. म्हणाला, 'माझी आजी पाहुणे आले की असं बोलते. हल्ली असं जपानी कुणी बोलत नाही.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन परीक्षितला सांगितलं, माझं जपानी पन्नास वर्षं जुनं आहे म्हणे. तो म्हणाला, 'अगं, मग हसला ना तो? आल्यापासून पहिल्यांदा हसला असेल.' आणि ते खरं होतं. बसच्या लांबलचक प्रवासांत हळूहळू तो माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसायला लागला. मला म्हणायचा, 'ते पाहुण्यांसारखं बोला ना.' मी बोलायचे आणि तो डोळे मिटून ऐकायचा.

सुट्टीच्या दिवशी तो रेडमंडला आमच्याकडे जेवायला यायचा. थालीपीठ त्याला फार आवडायचं, परीक्षितशी पैज लावून खायचा. त्या उन्हाळ्यात एकदा मी वरणभात वाढला तर पाहिलं, चमचा डाव्या हातात. मी विचारलं तर म्हणाला, 'डावा हात मजबूत करतोय. दाइजोबू.' मावशी, तुझ्या क्लासला पहिल्या महिन्यातच हा शब्द आला होता. तू फळ्यावर 'ठीक आहे' असा अर्थ लिहिलास आणि आम्ही उतरवून घेतल्यावर पुसून टाकलास. म्हणालीस, 'आधी बघा कोण म्हणतंय आणि कुणाला म्हणतंय. हा शब्द म्हणजे पुष्कळदा बंद केलेलं दार असतं.' मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. पाण्याचा ग्लाससुद्धा त्यानं डाव्यानंच उचलला.

पण मी काही बोलले नाही. बोलणार काय? मी दुभाषी होते, डॉक्टर नव्हते, त्याची आई नव्हते. आणि त्याला कशाची भीती वाटत होती ते मला माहीत होतं. हात बिघडला की टीम करार मोडून घरी पाठवते, असं त्याच्या डोळ्यांदेखत दोघांचं झालं होतं. शिवाय शाळेतल्या त्याच्या गुरुजींनी दुखऱ्या हातानं संपूर्ण स्पर्धा खेळल्याबद्दल त्याची सगळ्या शाळेसमोर पाठ थोपटली होती. दुखणं सांगणं म्हणजे लाज, हे त्याच्या हाडात भिनलेलं होतं.

दोन-तीन सामन्यांत त्याचा चेंडू भलतीकडेच जायला लागला तेव्हा कोचनी बोलावलं. वॉल्टर त्यांचं नाव, साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. त्यांनी नाओयाकडे बघून विचारलं, 'हात कसा आहे?' मी जपानीत सांगितलं. नाओया ताठ उभा राहून म्हणाला, 'दाइजोबू देसु.'

आता दुभाष्याचा एक नियम असतो, तूच शिकवलेला. 'तो म्हणतो की' असं म्हणायचं नाही, त्याच्या जागी उभं राहून 'मी' म्हणायचं. म्हणजे मला म्हणायचं होतं, माझा हात ठीक आहे. वॉल्टर वाट बघत होते. मी नाओयाकडे वळले आणि त्या आजीच्या, पाहुण्यांच्या जपानीत म्हटलं, 'आपण जे सांगाल ते मी तसंच पोचवीन. त्यात एक अक्षर बदलणार नाही. पण ते मला "मी" म्हणून बोलायचं आहे. तेव्हा कृपा करून एकदा पुन्हा सांगा.'

बाहेर कुणीतरी गवत कापत होतं, त्याचा आवाज येत होता. वॉल्टरनी घाई केली नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. नाओयाचा चेहरा लाल होत गेला, ओठ आवळले गेले, आणि मग अगदी लहान मुलासारखा तो म्हणाला, 'इताई.' दुखतंय. मी इंग्रजीत म्हटलं, 'माझा हात दुखतोय. फार दिवसांपासून.' दुसरं वाक्य मी जोडलं नव्हतं हं, ते त्यानंच पाठोपाठ म्हटलं होतं. मग तो तिथेच स्टुलावर बसून रडला. वॉल्टर उठून त्याच्याजवळ गेले, पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाले, 'त्याला सांग, आज त्यानं सगळ्यात चांगला चेंडू टाकला.' मी ते त्याला त्याच पाहुण्यांच्या जपानीत सांगितलं.

कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट फाटायला लागलं होतं. आणखी थोडे सामने खेळला असता तर ऑपरेशन आणि दीड-दोन वर्षं घरी. वेळेत कळलं म्हणून नुसत्या विश्रांतीवर आणि व्यायामावर भागलं. टीमनं करार मोडला नाही. वॉल्टर त्याच्यासाठी वरपर्यंत भांडले असं मागाहून कळलं. उपचारांना ॲरिझोनात जायचं होतं. मी विचारात पडले, तर परीक्षितच म्हणाला, 'जा तू. मला कुकर लावता येतो.' तिथे महिनोन्‌महिने त्याला चेंडूला हात लावायची परवानगी नव्हती. सुरुवातीचे काही दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. रागावला होता माझ्यावर, आणि मी ते सोसलं. मग एक दिवस त्याच्या आजीशी त्यानं व्हिडिओ कॉलवर माझी गाठ घालून दिली. आजीनं माझं बोलणं ऐकलं आणि विचारलं, 'कुठल्या प्रांताच्या आहात आपण?' मी म्हटलं, पुण्याच्या. आजी म्हणाली, ते क्युशूकडे आलं का? नाओया खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. तिथून आमचं परत सुरळीत झालं.

तो परत खेळायला लागला तेव्हा पूर्वीचा वेग उरला नव्हता. पण त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यानं बसून बसून फलंदाजांचा अभ्यास केला होता, आणि वॉल्टरनी त्याला शेवटच्या क्षणी खाली पडणारा एक संथ चेंडू शिकवला होता. दुसऱ्या वर्षी तो एक पायरी चढला, तिसऱ्या वर्षी आणखी एक, आणि प्रत्येक वेळी टीमनं मला विचारलं, तुम्हीही येणार ना? गेल्या आठवड्यात त्याला मोठ्या लीगमधून बोलावणं आलं. मावशी, चाळीस हजार माणसं होती स्टेडियममध्ये. परीक्षित ऑफिसला दांडी मारून आला होता. पहिल्याच फलंदाजानं नाओयाचा चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. मी डोळे झाकून घेतले. परीक्षित म्हणाला, 'बघ, हसतोय तो.' खरंच हसत होता. त्यानंतर त्यानं कुणालाही काही करू दिलं नाही. सामना जिंकला.

शेवटी मैदानातच मुलाखत झाली. मी त्याच्या शेजारी उभी, हातात माइक. टीव्हीवाल्या बाईंनी विचारलं, 'आज कुणाची आठवण आली?' त्यानं आजीचं नाव घेतलं, वॉल्टरचं घेतलं. आणि मग म्हणाला, 'पुण्याच्या शैलजा सेन्सेईंचे मी आभार मानतो. त्या मला कधी भेटलेल्या नाहीत. पण त्यांनी ऋता-सानना जशी भाषा शिकवली, तशा भाषेत मला खोटं बोलता आलं नाही. म्हणून माझा हात वाचला.' मला ते इंग्रजीत बोलावं लागलं, हजारो लोकांसमोर, आणि मी ते अर्धवट रडत बोलले. बाईंनी विचारलं, पुणे म्हणजे जपानमध्ये कुठे? टीव्हीवर मात्र तोवर जाहिरात लागली होती. दुसऱ्या दिवशी नेटवर घातलेल्या मुलाखतीतही एवढाच तुकडा नाही. म्हणजे तू पाहिलीस तरी तुला तो ऐकू आला नसता.

परवा अनिकाशी बोलले. आई असं काही सांगायची नाही, म्हणून तुझ्या लेकीनं मला सांगितलं की तू जिथे जपानी शिकवायला जायचीस त्या कंपनीच्या नव्या साहेबांनी 'तुमचं जपानी आता चालत नाही' म्हणून तुझं शिकवणं बंद केलं, घरच्या क्लासची पाटीही तू काढून ठेवलीस, आणि संध्याकाळी बाल्कनीत बसून म्हणालीस, 'आयुष्यभर एक भाषा शिकवली, त्यातून कुणाचं काय झालं?' मावशी, तू थकली असशील तर खुशाल थांब, तुझा तो हक्क आहे, आणि कुणी काही म्हटलं तर मला सांग. पण वाया गेलं असं समजून थांबू नकोस. कुणाचं काय झालं असं तू विचारलंस ना, त्याचं उत्तर द्यायला हे पत्र लिहिलं. एकाचा हात वाचला, आणि घरात बसून भिंतींशी बोलणारी तुझी भाची माणसांत आली. आम्हां दोघांची नावं तुझ्यापाशी असू देत. बाकीच्यांची मला माहीत नाहीत, पण ती असणार.

तुझीच,
ऋता