शिमल्याला काय न्यायचं

८ जून
भूमिकाला दिवस गेलेत! डॉक्टरांनी जानेवारीची वीस तारीख दिली आहे. गच्चीवर जाऊन बोलले, कारण घरात तिचं नाव काढायची सोय नाही. इकडे जळगावात पायाला चटके, बेचाळीस अंश. आणि पोरगी शिमल्यात शाल घेऊन बसलेली.
तीन वर्षं झाली तिच्या लग्नाला. जावई तिकडचाच, पहाडी. तेव्हापासून हे लेकीशी एक शब्दही बोललेले नाहीत. मी मधल्या मधे.

९ जून
ह्यांना सांगितलं. ऐकून घेतलं आणि सावद्याला मळ्यात निघून गेले. जेवायलाही आले नाहीत.

२१ जुलै
"आई, सातव्यात मला न्यायला कोण येणार?"
पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिला मीच लहानपणापासून सांगत आले. आता काय सांगू? म्हटलं, तिकडे पावसात दरडी कोसळतात म्हणे, रस्ते बंद असतात. ती म्हणाली, "सातवा ऑक्टोबरात लागतो, आई. तेव्हा आभाळ स्वच्छ असतं. यायला सगळ्यात चांगला महिना."
माझीच मला लाज वाटली.

१४ ऑक्टोबर
आज विचारलंच ह्यांना. केळीचे घड मोजून आले होते, बरे दिसत होते. म्हणाले, "ती इथं येनार नाही. तुले जायाचं असीन तं जाय. मी आडवा येत नाही." मग हात धुता धुता म्हणाले, "पन ध्यानात ठेव. पारा आठच्या खाली गेला का केळीले चरका लागते, पानं पिवळी पडतात. तुले तं दमा आहे."
ह्यांना थंडी कळते ती केळीवरूनच. पण तेच डोक्यात बसलं.

१६ ऑक्टोबर
भूमिकाने यादी पाठवली. अंगाला घट्ट बसणारे आतले गरम कपडे दोन जोड. लोकरीचे मोजे चार. बर्फावर न घसरणारे बूट. कानटोपी. ओठांना लावायचं मलम ("तूप आणू नकोस, गोठतं"). माझ्या कपाटात एकच स्वेटर, तोही बिनबाह्यांचा.
पाच नोव्हेंबरचं तिकीट काढलं. भुसावळहून दिल्ली, पुढे कालका. नाशिकच्या पलीकडे मी एकटी कधी गेलेली नाही.

३ नोव्हेंबर
छातीत घरघर. तिकीट रद्द केलं. खरं लिहायचं तर घरघर थोडीच होती.

१९ नोव्हेंबर
मैदानावर तिबेटी लोकांचे स्वेटरचे गाळे लागलेत. दुकानवालीला म्हटलं, सगळ्यात जाड असेल ते दे. ती हसली. "माँजी, एक मोटा नहीं, तीन पतले पहनो।" मग विचारलं, "किसके पास जा रही हो?" मुलगी, बाळंतपण, म्हटल्यावर तिने स्टूल पुढे केलं. मला तिथेच रडू आलं. परक्या बाईसमोर!

२५ नोव्हेंबर
बाळंतविडा पूर्ण. जुन्या मऊ साड्यांची नऊ झबली, टोपरी, दुपटी. फोटो पाठवला. भूमिका म्हणाली, "आई, ही मे महिन्यातल्या जळगावची तयारी आहे. इथं बाळ यात गारठून जाईल."
बाळ म्हणजे घाम, घामोळं, पातळ झबलं. दुसरं काही सुचलंच नाही मला. ती हसत होती, पण फार वेळ नाही.

८ डिसेंबर
पुन्हा काढलेलं तिकीट उद्याचं होतं. दिवसभर मोबाईलवर शिमल्याचं हवामान बघत बसले. रात्रीचा पारा उणे एक. बॅग भरली, काढली, परत भरली. संध्याकाळी तिकीट रद्द केलं.
तिला कळवलं. "बरं," म्हणाली. एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.
ह्यांच्यावर खापर फोडायची सोय होती, म्हणून इतके दिवस निभावलं. हे तर जा म्हणाले होते. भित्री मी आहे. पोटच्या पोरीपेक्षा मला माझा दमा मोठा झाला.

३१ डिसेंबर
चार दिवस फोन उचलत नाही. आज मेसेज आला. "बरी आहे. बर्फ पडतोय." मी लिहिलं, घराबाहेर पडू नकोस, पाय घसरेल. उत्तर नाही.

६ जानेवारी
बारा तारखेचं तिकीट. आता मेले तरी जाणार. वीस तारखेच्या आत पोचते. सुंठ, डिंकाचे लाडू, वाफेचं यंत्र, तीन पातळ स्वेटर. एक लोकरीचं झबलं विकत घेतलं, पहिल्यांदाच. रात्री हे दारात उभे राहिले. "पायमोजे घेतले का?" म्हणाले. तीन वर्षांत लेकीचा विषय ह्यांनी आपणहून काढला तो पहिल्यांदाच. मी बॅग उघडून दाखवली.

१० जानेवारी
भूमिकाचा फोन. मुलगी झाली. अठ्ठावीस डिसेंबरलाच. सगळं सासूबाईंनी केलं. परवा नावही ठेवलं. "तुला कळवलं असतं तर तू पुन्हा तिकीट काढलं असतंस आणि पुन्हा रद्द केलं असतंस. तेवढं मला नको होतं, आई." शांतपणे बोलत होती. मागे बाळ रडत होतं.
फोन ठेवल्यावर लक्षात आलं. नातीचं नाव मी विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, की आज तिकडे थंडी किती आहे.