चौथ्या मजल्यावरचं माहेर

तीर्थस्वरूप जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर पूर्वीसारखी वाकत नाही, जेवढा कमी पडेल तेवढा मनातून धरून घ्यावा.) तुमचे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुमचा थोरल्या सुनेशी चाललेला अबोला, तिन्ही कसे आहेत ते कळवा. आमचं इकडे बरं चाललं आहे. मुलाची बदली झाली, सूनबाईला दिवस गेलेले, म्हणून आम्ही दोघं म्हातारीही बाडबिस्तरा घेऊन आलो. त्याला चार महिने झाले. शहर मध्यम आहे, म्हणजे हवं ते मिळतं पण हवं तेव्हा मिळत नाही. शेजार चांगला आहे. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊकच आहे, मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरी गेल्या महिन्यात मला चप्पलचोर समजून पकडलं, ते कसं ते सविस्तर लिहिते, म्हणजे दुसरीकडून तिखटमीठ लावून कळायला नको.

आपली सूनबाई जपानी, हे तुम्हाला सांगायला नको. लग्नात तुम्ही म्हणाला होतात, ही दोन वर्षं टिकली तर नाव बदलीन. त्याला आता सहा वर्षं झाली. (नवीन नाव कळवावं, पाकिटावर घालायला लागतं.) तर सातवा लागला तेव्हा ती बोलता बोलता सहज म्हणाली की पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत त्यांच्याकडेही आहे. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. वडील एका खोलीत राहतात आणि त्यांना चहापलीकडे काही करता येत नाही. एवढं सांगून तिने भांडी घासायला घेतली, आणि ती भांडी मी नुकतीच घासून ठेवलेली होती. मला ते बघवेना. जुन्या शहरात तिच्या सात-आठ जपानी मैत्रिणी रविवारी जमायच्या, हसून हसून घर डोक्यावर घ्यायच्या. इथे बोलायला चिटपाखरू नाही. मी मनाशी ठरवलं, एवढ्या शहरात एखादी तरी जपानी आई असेलच, ती शोधायची आणि पोरीला माहेर करून द्यायचं.

पहिला प्रयत्न फसला. वाचनालयात पाटी दिसली, ‘जपानी संस्कृती मंडळ, दर शनिवारी चार वाजता’. सूनबाईला नवं पोलकं घालायला लावून घेऊन गेले. मंडळात नऊ सभासद, त्यात जपानी एकही नाही. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. खरीखुरी जपानी बाई बघून सगळ्यांना भरून आलं, आणि त्यांनी तिला चहाच्या विधीला बसवलं. आता आपली सूनबाई पंपांची ड्रॉइंग करते आणि दिवसाला चार कप कॉफी पिते, तिला कुठला विधी? डॉक्टरांनी तिला सांगितलं की तुम्ही वाडगा उलटा फिरवता. तिने वाकून माफी मागितली, तर एक बाई म्हणाल्या की वाकणंही जरा कमीच पडलं. परतताना बसमध्ये ती म्हणाली, “आई, मी नापास झाले.” मी म्हटलं, त्या दाढकाढ्याला काय कळतंय. पण तिचं तोंड उतरलेलंच होतं.

मग मी डोकं चालवलं. सूनबाई घरात आली की सगळ्यांच्या चपला उचलून दाराकडे तोंड करून ठेवते, म्हणजे निघताना पाय घातला की झालं. (ह्यांच्या चपला रोज फिरवून तिने ह्यांना पुरतं बिघडवलं आहे, हे आता माझ्याकडूनही तशी अपेक्षा करतात.) माझ्या मनात आलं, ज्या दाराबाहेर चपलांची तोंडं जिन्याकडे असतील, तिथे जपानी माणूस असणार. म्हणून फिरायला जाते सांगून मी आसपासच्या इमारतींचे जिने चढू लागले. तिसऱ्या इमारतीत वॉचमनने हटकलं. मी खरं तेच सांगितलं, चपला बघतेय. निष्पाप माणूस असं कधी म्हणत नाही, हे मला नंतर सुचलं. मग तो माझ्यावर पहारा ठेवत प्रत्येक मजल्यावर चपला मोजत बरोबर आला. चौथ्या मजल्यावर दोन जोड, तोंडं जिन्याकडे, मध्ये सुतभर फट नाही. मी बेल दाबली. साठीच्या, चणीने लहान अशा बाईंनी दार उघडलं. जपानीच! मी वाकले, त्या वाकल्या, शेवटचं वाकणं आपलं असावं म्हणून मी पुन्हा वाकले, त्यांचंही तेच. शेवटी वॉचमनही वाकायला लागला.

बाईंचे यजमान यंत्रांच्या कारखान्यात सल्लागार आहेत. बाईंना आपले पंधरा शब्द येतात, त्यातले सहा भाज्यांचे. त्यामुळे बोलणं डब्यांतून सुरू झालं. मी मुरंब्याचा डबा पाठवला. दुसऱ्या दिवशी डबा लखलखीत होऊन, रुमालात बांधून, आत बिस्किटं घालून परत आला. आता रुमाल रिकामा कसा पाठवायचा? मी संत्री बांधली. त्यांनी चहापत्तीचा डबा धाडला. मी त्यात शेंगदाणे भरले. अकरा दिवसांत सात फेऱ्या झाल्या, डबे पोचवायला चार जिने चढून ह्यांना धाप लागली, पण दोघींपैकी एकही हटेना. अखेर सूनबाईने उलगडा केला. त्यांच्याकडे घेतल्याच्या निम्मं परत करतात, म्हणजे हळूहळू आपोआप संपलं असतं. पण आपण पडलो सव्वापट करून पाठवणारी माणसं, संपणार कसं? तेव्हा मी बाईंना घरी जेवायलाच बोलावलं.

जाऊबाई, त्या दिवशीचं खरं सांगते. दोघी बाहेरच्या खोलीत दोन तास जपानीत बोलत होत्या आणि मी स्वयंपाकघरात कान देऊन बसले होते, एक अक्षर कळत नसताना. सूनबाई हसत होती. चार महिन्यांत अशी हसली नव्हती. मनासारखं झालं म्हणून मी देवाचे आभार मानायचे, तर मला त्या बाईंचा असा राग आला की विचारू नका. कढी दोनदा उतू गेली. त्या निघताना सूनबाईला म्हणाल्याही (अर्थ सूनबाईनेच दारातून सांगितला), की बाळंतपणाला आमच्याकडे ये, खोली मोकळी आहे. मीच दारादारांतून शोधून आणलेलं माहेर, आणि मलाच रडू फुटलं. कांदा चिरायला घेतला. तेवढ्यात सूनबाई आत आली.

“आई, त्या फार चांगल्या आहेत. मी दर रविवारी जाईन. पण बाळंतपणाला नाही जाणार.”

का, म्हणून विचारलं, तर पाटावर बसून तिने सुजलेले पाय लांब केले.

“तिथे मला पाय दुमडून नीट बसावं लागतं. माहेरी पाय पसरून बसतात, असं तुम्हीच सांगितलं होतं.”

मी तिचे पाय चेपत बसले. कढी तिसऱ्यांदा उतू गेली, ती कुणी उतरवली मला आठवत नाही.

असो. पत्र लांबलं. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली,
धाकटी

ता. क. चपलांचं ह्यांना सांगू नका. मी व्यायामाला जिने चढते अशी त्यांची समजूत आहे आणि ते चारचौघांत माझं कौतुक करतात.

ता. क. मुलगा विचारतो की हे तिचं माहेर, तर मग मी जावई का? कालपासून तो ताटावरून उठत नाही, वाढण्याची वाट बघत बसतो.

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. माहेरी आलेल्या मुलीने सासूची गाऱ्हाणी सांगायची असतात, त्याशिवाय बाळंतपण अंगी लागत नाही. तिने पुष्कळ प्रयत्न केला, पण माझी गाऱ्हाणी मलाच सांगायला ती लाजते. तेव्हा दोन महिने तुम्ही येऊन तिच्या सासूबाई व्हावं. तुमच्याइतका अनुभव आपल्या घरात कुणाला नाही. मी आता मुलीकडची, म्हणजे आपण विहिणी झालो, पडतं मी घेईन. मानपानात काही कमी पडलं तर मनात ठेवू नये, तिच्यासमोर मोठ्याने बोलून दाखवावं. त्यासाठीच तर बोलावते आहे.