मनगटातला करंट

६ नोव्हें.
ताप उतरला! डेंग्यू गेला, प्लेटलेट चढल्या, उद्या-परवा घरी. आणि वर मामाचा फोन: माघी गणपतीला भोईवाड्याच्या देवळात डबलबारी ठरली. दोन भजनीबुवा समोरासमोर, त्यातला एक मामा, याचा सवाल, त्याचा जवाब, आणि मामाच्या बाजूने पखवाजावर मी! त्याच्या मंडळात आजवर बाईने पखवाज धरलेला नाही. अशी किंचाळले की शेजारच्या खाटेवरच्या आजी दचकल्या.
तेवढ्यात सिस्टर सलाईनची सुई बदलायला आल्या. "कुठला हात?" मी ऐटीत डावा पुढे केला. उजवा पखवाजाच्या शाईवर, त्या काळ्या गोलावर चालतो, तो जपायचा. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला सुई गेली आणि नखापर्यंत करंट. सिस्टर म्हणाल्या, "झिणझिणतंय? काढू का?" म्हटलं, राहू दे, चालेल. खुशीत होते ना.

९ नोव्हें. घरी, लालबाग
सुई निघाली, करंट आहेच. अंगठ्याची पाठ बधिर. बांगडी चढवली तर डोळ्यांत पाणी. आई म्हणते तेल चोळते. हात लावू दिला तर चोळेल ना!
पखवाज काढला. उजवा मस्त. डाव्या बाजूला, आवाज घुमायला, कणीक लावली, पंजा मारला. धुम... आणि कोपरापर्यंत वीज.

१० नोव्हें.
मामा आला. सगळं ऐकून पोट धरून हसला. "अर्धो पखवाज वाचवलंस नि अर्धो सुईक दिलंस! शाई काय एकटी बोलता गो?" मग माझा हात उजेडात धरून बघितला. खरंच की. धुम नसेल तर गजर कसला? भजनाचा तो शेवटचा जलद भाग, लोक त्याच्यासाठीच थांबतात. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.
रडले. मग शेवयांची खीर खाल्ली.

१४ नोव्हें.
नसांच्या डॉक्टर. बाई बेस्ट! मनगटावर बोटाने टक टक करत खाली आल्या. एका जागी झणझणलं, तिथे पेनाने ठिपका. "नर्व्ह दुखावलीय, तुटलेली वाटत नाही. भरत गेली की ही झणझण अंगठ्याकडे सरकेल." कधी? "काही महिने धरा." वाजवू का? "सोसेल तेवढं." म्हटलं, डॉ., तुमचा ठेका लयीत नाही. हसल्या.
म्हणजे करंट हा शत्रू नाही! तो सरकला की...

४ डिसें.
सरकला!!! माझगावला ऑफिसात, डबा खाताना. ठिपक्यावर टिचकी मारली, काही नाही. जरा खाली मारली, झण्ण! नवा ठिपका काढला. सगळे बघतायत, ही स्वतःच्याच हातावर ताल का धरतेय. धरणारच!

२१ डिसें.
आज तालीम. साधा ठेका निभावला. गजर सुरू झाला आणि हात आपोआप मागे. दोनदा. बाकीचे टाळकरी माझ्याकडे बघेनात, ते जास्त लागलं. निघताना मामाला म्हटलं, दुसरा पखवाजी बघ. "बघतंय," म्हणाला.
घरी येऊन आईवर उगाच खेकसले.

११ जाने. रवि.
मामाशी कडाक्याचं भांडण. त्याने दुसऱ्या कुठल्याच पखवाजीला सांगितलेलं नाही! "अरे, मला नाही जमलं तर?"
"तर माजी बारी पडात. पडांदे. माका तुजीच धुम होयी."
एवढ्या वर्षांचं नाव पणाला लावतोय हा माणूस. इतका राग आला, इतका आनंद झाला, जिन्यातच बसले. घरी येऊन पखवाज ओढला. गजर अर्ध्यापर्यंत गेला. अर्ध्यापर्यंत!!

२२ जाने.
संध्याकाळ. देवळामागच्या खोलीत लिहितेय. बाहेर मंडप भरलाय. समोरचा पखवाजी तगडा, हात घोड्यासारखे पळतात. तरी मजा येतेय.
आता टिचकी मारून पाहिली. झणझण अंगठ्याच्या पेरावर. नखापर्यंत अजून नाही. पूर्ण गजर एकदाही झालेला नाही, कालही नाही.
मामा स्वतः कणीक मळतोय. कधी मळत नाही तो. आत डोकावून एवढंच म्हणाला, "सांभाळून वाजव, हात जप."
नाही जपणार. एकदा जपून बघितला ना हात. आज दोन्ही नेते.
हाक आली.